बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका तरी थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले, ऐकले. यंदा चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; मोठ्या विद्वत्तेचा लेख माझ्याकडून होणार नाही. पण संसारातून वेळ काढून वाचनालयाची पुस्तके वाचण्याची सवय मी सोडलेली नाही. त्या वाचनातून ज्या गृहस्थांची ओळख झाली, त्यांची ओळख तुम्हांलाही करून द्यावी, एवढाच हेतू आहे.

हे गृहस्थ म्हणजे बाबा पदमनजी. पुष्कळ जणींनी हे नाव ऐकलेही नसेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांना वाटेल, की हे तर धर्म बदलून ख्रिस्ती झालेले. त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला? त्याचे कारण असे. आपण दुपारी कामे आटोपून जी कादंबरी हातात घेतो, त्या मराठी कादंबरीची सुरुवात बहुतेक अभ्यासक या गृहस्थांच्या पुस्तकापासून धरतात. ते पुस्तक राजाराणीचे नव्हते, शूर सरदाराचेही नव्हते. ते होते विधवा बायकांच्या दुःखाचे. पुस्तकाचे नाव ‘यमुनापर्यटन’, साल १८५७.

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. बेळगाव आज कर्नाटकात आहे. तेव्हा ते मुंबई इलाख्यात होते. त्यांचे आडनाव मुळे, पण वडिलांच्या नावावरून ते पदमनजी म्हणूनच ओळखले गेले. घराणे कासार जातीचे. कासार म्हटले की आपल्याला आधी बांगड्या आठवतात. ज्या समाजाच्या हातून सुवासिनींचे हात भरले जातात, त्या समाजातल्या मुलाने पुढे बांगड्या फोडल्या गेलेल्या हातांची कहाणी लिहावी, हा योगायोग मला फार मोठा वाटतो.

लहानपणी बाबा अतिशय श्रद्धाळू होते. घरात देवधर्म, उपासतापास, पोथ्यांचे वाचन हे सगळे होते, आणि त्यात त्यांचे मन रमत असे. देवाविषयी बेफिकीर असलेला मुलगा इंग्रजी शिकून बहकला, असे त्यांच्या बाबतीत म्हणता येणार नाही. उलट देव खरोखर कसा आहे, पाप कसे धुतले जाते, ही चिंता त्यांना लहान वयातच लागलेली होती. बेळगावात मिशनऱ्यांची शाळा होती. तेथे ते इंग्रजी शिकले आणि तेथेच बायबलाशी त्यांची पहिली गाठ पडली.

पुढे शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत दाखल झाले. चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज आपण येताजाता पाहतो. त्या कॉलेजाचे मूळ म्हणजे ही विल्सनसाहेबांची शाळा. त्या काळची मुंबई म्हणजे नव्या विचारांनी ढवळून निघालेले शहर होते. छापखाने निघाले होते, वर्तमानपत्रे निघत होती. जातिभेद खरा की खोटा, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, बायकांना शिकवावे की नाही, यांवर तरुण मंडळी रात्र रात्र वाद घालीत.

याच वेळी, १८४९ मध्ये, दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा म्हणजे मराठीचे मोठे व्याकरणकार. ही सभा गुप्त होती. जातिभेद मोडावा, एका देवाची प्रार्थना करावी, विधवांचे विवाह व्हावेत, असे तिच्या सभासदांचे मत. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. आज आपण वडापाव खातो तेव्हा पावाला हात लावणे म्हणजे जात बुडवणे होते, हे सांगूनही खरे वाटत नाही. बाबा या सभेचे सभासद झाले. पण सभेची मंडळी बंद दाराआड पाव खात आणि घरी गेल्यावर सोवळे नेसून पानावर बसत. उघडपणे बोलण्याची त्यांची तयारी नव्हती. बाबांच्या मनाला हे दुटप्पीपण डाचू लागले. जे खरे वाटते ते चारचौघांत सांगता येत नसेल, तर ते खरे वाटण्याचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. पुढे सुमारे दहा वर्षांनी सभासदांची नावे बाहेर फुटली आणि ती सभा मोडली. पण बाबांनी त्याच्या कितीतरी आधी आपला रस्ता धरला होता.

१८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण त्या दिवशी किती गोष्टी तुटल्या असतील, याचा विचार करा. ख्रिस्ती झालेला मुलगा घराला मेल्यासारखाच असे. त्याला पंगतीत जागा नाही, घरच्या पाण्याला त्याचा हात चालत नाही, आईच्या देवघराचा उंबरा त्याला ओलांडता येत नाही. बाबांचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे आधीच झालेले होते. धर्म बदलल्यावर पत्नीशी त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्यांनी ख्रिस्ती धर्मातील स्त्रीशी दुसरा विवाह केला.

पहिल्या पत्नीच्या वाट्याला काय आले, हा विचार बाई माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्या काळी ज्या बाईचा नवरा धर्म बदलून जाई, तिची स्थिती चमत्कारिक असे. नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही. नवरा घरात नाही, म्हणून संसार नाही. दुसरे लग्न तर तिच्या जातीत शक्यच नव्हते. ही अडचण इतकी वाढली, की १८६६ मध्ये सरकारने कायदा केला आणि अशी ताटातूट झालेल्या जोडप्यांना रीतसर मोकळे होण्याची वाट करून दिली. कायदा झाला तरी रूढीपुढे किती जणींना तिचा उपयोग झाला असेल, हे आपण बायका समजू शकतो. बाबांच्या श्रद्धेची किंमत त्यांनी स्वतः भरली हे तर खरेच, पण त्यातला एक हिस्सा त्यांच्या घरच्या माणसांनीही भरला. थोर माणसाचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये, असे मला वाटते.

आता त्यांच्या लेखनाकडे वळू. बाबांच्या हातात लेखणी बाप्तिस्म्याच्या आधीपासून होती. १८५२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ लिहिला होता. म्हणजे एकविसाव्या वर्षीच त्यांनी बायकांच्या शिक्षणाची बाजू घेतली होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढून तेव्हा चारच वर्षे झाली होती. मुलगी शिकली तर लवकर विधवा होते, अशी समजूत घरोघरी होती. अशा काळात एका तरुणाने हा विषय निवडला, यावरून त्यांच्या मनाचा कल दिसतो.

ख्रिस्ती झाल्यावर लेखणी हेच त्यांच्या सेवेचे साधन झाले. इंग्रजी शिकलेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरी मिळणे कठीण नव्हते. पण आपल्याला जे सत्य सापडले ते आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत सांगावे, याची त्यांना ओढ होती. निबंधाने आणि वादविवादाने डोके पटते, पण मन हलत नाही. मन हलवायचे तर गोष्टच सांगावी लागते. आपल्या कीर्तनकारांना हे कधीचेच ठाऊक आहे. पूर्वरंगात पेंगणारी माणसे उत्तररंगात आख्यान लागले की सावरून बसतात. ख्रिस्ती लोकांतही ही रीत जुनी. इंग्लंडात जॉन बनियन नावाच्या धर्मोपदेशकाने सतराव्या शतकात एका यात्रेकरूची रूपककथा लिहिली. हरी केशवजी यांनी ती ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणली होती. अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो नावाच्या, सात मुले झालेल्या गृहिणीने गुलामांच्या छळाची कादंबरी १८५२ मध्ये प्रसिद्ध केली आणि सगळा देश हलवला. तिच्याही लेखनामागे ख्रिस्ती श्रद्धाच होती. त्याच वर्षी बंगालमध्ये हॅना मलेन्स या मिशनरी बाईंनी फुलमणी आणि करुणा या दोन स्त्रियांची बोधकथा बंगालीत लिहिली.

तेव्हा बाबांनी कथा लिहायला घेतली ती अशा हवेत. शिवाय १८५६ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या खटपटीने विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. कायदा झाला, पण विवाह करणार कोण? कायदा कागदावर आणि विधवा माजघराच्या अंधारात, अशी स्थिती होती. दुसऱ्याच वर्षी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ बाहेर पडले. ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे त्याचे पुढचे नाव होते. तेव्हा अशा पुस्तकाला कादंबरी म्हणण्याची रीत अजून रुळायची होती. संस्कृतातल्या बाणभट्टाच्या ग्रंथाचे ते नाव पुढे मराठीत या सगळ्या जातीच्या पुस्तकांना चिकटले.

गोष्ट थोडक्यात अशी. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी. तिचा नवरा विनायक हाही शिकलेला आणि उदार मनाचा. दोघांचाही कल ख्रिस्ती धर्माकडे आहे, पण ते उघड सांगत नाहीत. विनायक बायकोला घेऊन प्रवासाला निघतो. पुस्तकाच्या नावातले पर्यटन ते हेच. ठिकठिकाणी त्यांची गाठ विधवांशी पडते. कोणी कोवळ्या वयात विधवा झालेली, कोणी केशवपनाच्या धसक्याने खंगलेली, कोणी फसवली गेलेली आणि तोंड दाखवायला जागा न उरलेली. पंढरपूरला, विठोबाच्या पायाशी, अशा निराधार बायकांची किती गर्दी आहे, हेही यमुना पाहते. ती त्यांच्याजवळ बसते, त्यांची हकीकत ऐकते, तिचा जीव कळवळतो. आणि मग दैव तिच्यावरच उलटते. प्रवासातच विनायक मरण पावतो. आजवर जे दुःख ती दुसऱ्यांच्या घरी पाहत होती, ते तिच्या अंगावर येते. सासरची मंडळी तिचे केशवपन करू पाहतात. शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो.

पुस्तकातले प्रसंग खऱ्या घडलेल्या गोष्टींवर आधारलेले आहेत, असे बाबांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. ते वाचताना पटते. ज्याने आपल्या आळीत, आपल्या नात्यात हे पाहिले, त्यालाच ते असे लिहिता येते.

पुस्तकात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. पात्रे पुष्कळदा एकमेकांशी बोलत नाहीत, प्रवचनच करतात. गोष्ट रंगात आली की मध्येच धर्माची चर्चा सुरू होते. हिंदूंच्या घरात सगळा अंधार आणि ख्रिस्ती धर्मात सगळा उजेड, असे चित्र लेखकाने काढले आहे, ते मला मानवत नाही. विधवेचे दुःख दूर करण्यासाठी धर्मच बदलावा लागतो, असेही नाही. आपल्याच धर्मात राहून विष्णुशास्त्री पंडितांनी १८६९ मध्ये मुंबईत विधवाविवाह घडवून आणला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या काळी विधवेचे तोंड सकाळी पाहणे अपशकुन मानीत, त्या काळी बाबांनी तिला पुस्तकाच्या मध्यभागी बसवले. तिच्याविषयी वाद घालणारे शास्त्री-पंडित पुष्कळ होते. तिच्या पुनर्विवाहाला शास्त्राचा आधार आहे की नाही, यावर पोथ्या उलटल्या जात होत्या. पण तिला काय वाटते, हे कोणी विचारीत नव्हते. यमुना ते विचारते. एक बाई दुसऱ्या बाईजवळ बसून तिला ऐकते, हे या पुस्तकातले मला सर्वांत मोठे काम वाटते. लेखकाचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात संशय नाही. तरी त्या हेतूपेक्षा त्याने ऐकवलेली दुःखे मोठी ठरली. बाबांची धर्मचर्चा आज आपण चाळून पुढे जातो. त्या बायका मात्र पान मिटल्यावरही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

यानंतर बाबा जवळजवळ अर्धशतक लिहीत राहिले. पुण्यास फ्री चर्च मिशनच्या शाळेत त्यांनी शिकवले, तेथेच पाळक म्हणून काम केले. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. पुढे मुंबईत ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटी या संस्थांसाठी त्यांनी लेखन-संपादन केले. ट्रॅक्ट म्हणजे धर्मबोधाची लहान, स्वस्त पुस्तिका. ‘सत्यदीपिका’ हे मासिकही त्यांनी चालवले. त्यांची लहानमोठी पुस्तके मिळून शंभरावर भरतात. नव्या करारावर त्यांनी मराठीत टीका लिहिली. टीका म्हणजे दोष काढणे नव्हे, तर ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो त्या अर्थाने, विवरण.

त्यातले एक काम तर सगळ्या मराठी माणसांच्या उपयोगाचे झाले. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, म्हणजे बाबांच्या जन्मवर्षाची. दुसरी १८५७ ची, म्हणजे ‘यमुनापर्यटना’च्या वर्षाची. हा ग्रंथ फार जाडजूड. विद्यार्थ्यांना पेलेल असा त्याचा संक्षेप बाबांनी तयार केला आणि तो १८६३ मध्ये निघाला. म्हणजे ज्यांनी बाबांचा धर्म मानला नाही, कदाचित त्यांच्या नावाने बोटे मोडली, त्यांच्याही मुलांनी त्यांच्या कोशात शब्द पाहिले असतील.

१८८० नंतरच्या दशकात त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आपण लहानपणी कोणत्या श्रद्धेत वाढलो, मनात शंका कशा उठल्या, निर्णय घेताना जीव कसा कासावीस झाला, हे सर्व त्यांनी त्यात सांगितले आहे. २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर वर्षांचे होते.

बाबांच्या लेखनातून मोठे द्रव्य मिळण्यासारखे काही नव्हते. धर्मबोधाची पुस्तके स्वस्तात विकली जात, पुष्कळदा फुकटही वाटली जात. वाचणारेही थोडे, बायकांत तर अक्षर ओळखणारी शेकड्यात एखादी. तरी त्यांनी लेखन हेच आयुष्याचे काम मानले. ते छंद म्हणून लिहीत नव्हते आणि कीर्तीसाठीही नव्हते. देवाने आपल्याला हे काम नेमून दिले आहे, अशी त्यांची भावना होती. आपल्या संतांनीही अभंग रचले ते याच भावनेने. धर्म कोणताही असो, असे नेमून दिलेले काम समजून जो लिहितो, त्याच्या लेखणीला थकवा येत नाही.

काही भगिनींना वाटेल, मराठी आणि ख्रिस्ती हे जमावे कसे? पण आपल्या बोरिवलीत राहून असे वाटायला नको. पलीकडे गोराई-मनोरीला ईस्ट इंडियन वस्ती आहे. त्यांच्यातल्या जुन्या बाया लुगडे नेसतात, लग्नात मराठीतच गाणी म्हणतात. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी आपल्या ज्ञानेश्वरीसारख्या ओवीछंदात ख्रिस्ताचे पुराण रचले ते १६१६ मध्ये, आणि त्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. तेव्हा मराठी ही सगळ्यांची आई आहे. तिच्या पंगतीला कोण कोणत्या देवळातून आला, हे ती विचारीत नाही.

बाबांच्या मागून हे काम बायकांनीच उचलले, याचा मला विशेष आनंद वाटतो. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. कर्व्यांशी ज्यांचा विवाह झाला त्या बाया कर्वे तेथेच शिकलेल्या. आणि लक्ष्मीबाई टिळक! त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या आणि पुढे आपल्या विचाराने त्यांनीही तो मार्ग पत्करला. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक आज मराठीचे लेणे मानतात. बाबांच्या चरित्रात पत्नीची बाजू दोन ओळींत संपते. लक्ष्मीबाईंनी तीच बाजू, बाईच्या तोंडून, पोटभर सांगितली. दोन्ही पुस्तके एकीमागून एक वाचावीत, म्हणजे चित्र पुरे होते.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आपल्यातल्या पुष्कळ जणींनी वाचली आहे. १८९० मध्ये ती ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली. तिच्याही नायिकेचे नाव यमुनाच, आणि तिचेही दुःख वैधव्याचेच. हरिभाऊंची यमू धर्म बदलत नाही, सुटकाही पावत नाही. कलेच्या दृष्टीने हरिभाऊंचे पुस्तक श्रेष्ठ आहेच. पण पहिल्या यमुनेने वाट पाडली नसती, तर दुसरीला एवढ्या मोठ्याने रडता आले असते का, हा विचार करण्यासारखा आहे.

आता कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. आज कोणाचे केशवपन होते? खरे आहे, ते थांबले. पण माझी एक आत्या होती. कोकणात तिच्या घरी चैत्राचे हळदीकुंकू असले की आंब्याची डाळ वाटायची तिने, पन्हे करायचे तिने, आणि बायका येऊ लागल्या की मागच्या पडवीत जाऊन बसायचेही तिनेच. तिला कोणी जा म्हणत नसे. म्हणण्याची गरजच नव्हती; ती आपणहून उठत असे. मी लहान होते, मला वाटे आत्याला गर्दी आवडत नाही. ‘यमुनापर्यटन’ वाचताना ती पडवी माझ्या डोळ्यांपुढे आली.

आणि फार लांब कशाला जायला हवे? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या चाली गावात बंद. मग महाराष्ट्र सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांनी तसे करावे असे सुचवले. सगळीकडे हेरवाडचे कौतुक झाले, आणि ते योग्यच झाले. पण १८५७ पासून २०२२ पर्यंत एकशे पासष्ट वर्षे होतात. एवढ्या वर्षांनीही ठराव करावा लागला, याचा अर्थ यमुनेचे पर्यटन अजून संपलेले नाही. ती हिंडत हिंडत आपल्या इमारतीच्या जिन्यापर्यंत आली तर तिला काय दिसेल?

आपल्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू दरवर्षी थाटात होते. वाण लुटतो, तिळगूळ देतो. आमंत्रणात आपण कोणाला वगळत नाही, हेही खरे. पण न वगळणे वेगळे आणि हाताला धरून आणणे वेगळे. ज्या भगिनी नवरा गेल्यापासून आपणहून येईनाशा झाल्या, त्यांच्या दारी आपल्यापैकी कोणी जाते का? आल्याच तर त्यांच्या कपाळाला कुंकू लावताना हात अडखळतो का? हे प्रश्न मी कोणाला दोष देण्यासाठी विचारत नाही. माझी सूचना एवढीच आहे, की येत्या संक्रांतीला प्रत्येक सभासदाने आपल्या मजल्यावरच्या किंवा गल्लीतल्या अशा एका भगिनीला स्वतः जाऊन घेऊन यावे. तिला पहिल्या रांगेत बसवावे. तिची इच्छा असेल तर कुंकू लावावे, नसेल तर हळद, फूल, तिळगूळ द्यावा. तिच्या मनाविरुद्ध काही करू नये, पण ती मागच्या पडवीत बसणार नाही एवढे पाहावे. आणि घटकाभर तिच्याजवळ बसून तिचे ऐकावे. यमुनेने दुसरे काय केले होते?

बाबा पदमनजींनी आपल्या श्रद्धेसाठी घर सोडले. ते धाडस आपल्याला जमणार नाही आणि तशी गरजही नाही. पण जे मनाला खरे वाटते ते बंद दाराआड न ठेवता उघड करावे, हा त्यांच्या चरित्रातला बोध मात्र आपल्या आपल्या धर्मात राहून, आपल्याच ओसरीवर आचरता येण्यासारखा आहे. आपल्या मंडळाच्या पुढच्या वर्षाची सुरुवात त्याने व्हावी, अशी इच्छा करून हा लेख पुरा करते.